सव्वातीन ग्रॅमची चंद्रकोर

गेल्या मे महिन्यात आमचा सदाशिव पेठेतला वाडा रिकामा केला. बिल्डरला दिलाय, आजूबाजूला सगळीकडे तेच चाललंय त्यामुळे त्यात नवल काही नाही, पण आपल्या घरावर वेळ आली की पाय निघत नाही. माळ्यावरून घंगाळं, पाट, कान तुटलेल्या बरण्या, जुन्या पंचांगांचे गठ्ठे असं एकेक खाली येत होतं आणि आत्या खुर्चीत बसून हे ठेवा, हे देऊन टाका असं सांगत होती. त्यातच एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा निघाला. आत बटणं, रिळं, एक मोडकी कात्री, आणि अगदी तळाशी खणाच्या तुकड्यात गुंडाळलेला एक ब्रोच.

आत्याने तो हातात घेतला, पदराला पुसला आणि म्हणाली, "अगं, हा माईंचा."

माई म्हणजे माझी पणजी, आजोबांची आई. त्यांचा एकच फोटो आमच्याकडे आहे, साधारण १९२५च्या आसपासचा. पांढरं पातळ, पूर्ण बाह्यांचं पोलकं, कपाळ मोकळं, गळा मोकळा, हात मोकळे. बावीसाव्या वर्षी विधवा झाल्या, पदरात दोन वर्षांचा मुलगा, त्याला मामाकडे ठेवून स्वतः हिंगण्याला अण्णा कर्व्यांच्या आश्रमात शिकल्या आणि मग जन्मभर शाळेत शिकवलं. त्या फोटोत डाव्या खांद्यावर काहीतरी पांढरं चमकताना दिसतं. मी लहानपणापासून तो फोटो पाहतेय आणि मला कायम वाटायचं की तो फोटोवर पडलेला डाग आहे.

तर तो डाग हा होता. आडवी सोन्याची बारीक काडी, दीडेक इंचाची, आणि तिच्यावर बसवलेली चंद्रकोर. कोरीवर अकरा मोती, मधला सगळ्यात मोठा म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढा आणि दोन्ही टोकांकडे लहान लहान होत अगदी राजगिऱ्याएवढे. डावीकडून तिसरा गळून पडलाय. मागे साधी टाचणी आणि ती अडकवायला नुसता इंग्रजी सी अक्षरासारखा आकडा, लॉक वगैरे काही नाही, आणि टाचणीचं टोक काडीच्याही बाहेर आलेलं.

दुसऱ्या दिवशी मी तो रविवार पेठेत आमच्या नेहमीच्या सराफकाकांकडे घेऊन गेले. विकायचा विचार अजिबात नव्हता, नक्की काय आहे ते कळावं एवढंच. त्यांनी काट्यावर ठेवला, मोत्यांसकट सव्वातीन ग्रॅम. मग काडीची कड कसोटीच्या दगडावर हलकेच घासली, त्यावर ॲसिडचा थेंब सोडला आणि रेघ फिकट झालेली मला दाखवली. म्हणाले, "ताई, बावीस तर नाहीच, अठरापण नाही. पंधरा-सोळाच्या घरात असेल. आणि मोतीपण अख्खे नाहीत बघा, अर्धे कापून बसवलेत." भिंगातून पाहिलं तर खरंच, प्रत्येक मोती मधोमध चिरून सपाट बाजू खाली केलेली. मी विचारलं, मोडीत घातला तर काय येईल? ते हसले आणि म्हणाले, "आटणीत घालण्यासारखं ह्यात काही नाही हो. राहू दे तसाच."

हे वाक्य माझ्या डोक्यात अडकून बसलं ते आजतागायत. कारण माईंचे बाकीचे दागिने, म्हणजे लग्नातल्या पाटल्या, ठुशी, पुतळ्यांची माळ, हे सगळं आत्याला नुसतं ऐकून माहिती आहे. पाटल्या शिक्षणाच्या वेळी गेल्या, ठुशी आजोबांच्या मुंजीत की आजारपणात मोडली, पुतळ्या आटवून आजीच्या बांगड्या झाल्या आणि त्या बांगड्या आटवून आईचं मंगळसूत्र. म्हणजे माईंचं सोनं आईच्या गळ्यात आहे असं म्हणायला हरकत नाही, पण माईंची वस्तू म्हणून काहीच उरलं नाही. उरला तो हा एक, आटवण्यासारखा नसलेला.

घरी येऊन मोबाइलचा कॅमेरा झूम करून मागच्या बाजूचे फोटो काढले तेव्हा काडीवर बारीक ठसे दिसले. १५ हा आकडा, त्याच्याशेजारी .६२५, आणि एक नांगर, जहाजाचा असतो तसा. अजून एक अक्षर होतं ते पार झिजलंय. मग तीन आठवडे मी दुसरं काही वाचलंच नाही.

नांगर म्हणजे बर्मिंगहॅम. तिथे समुद्र नाही, बंदर नाही, तरी सोन्याचांदीची शुद्धता तपासणाऱ्या तिथल्या कचेरीचा शिक्का १७७३ पासून नांगरच आहे. आपल्याकडे बीआयएसचं हॉलमार्किंग आत्ता आत्ता सक्तीचं झालं, इंग्लंडमध्ये सोन्याचांदीवर असे शिक्के मारायची पद्धत मध्ययुगापासूनची. १५ म्हणजे १५ कॅरेट, चोवीसातले पंधरा भाग सोनं, म्हणून .६२५. आणि मजा अशी की तिथे १५ कॅरेटला कायद्याने परवानगी १८५४ मध्ये मिळाली आणि १९३२ मध्ये १२ आणि १५ दोन्ही बंद करून त्याजागी १४ आणलं. म्हणजे माईंचा ब्रोच ह्या अठ्ठ्याहत्तर वर्षांतलाच. चंद्रकोर आणि चांदण्यांची फॅशन तिकडे १८८० नंतर जोरात होती, आणि नुसता सी आकाराचा आकडा जुना, सेफ्टी लॉक नंतर आलं, त्यामुळे माझा अंदाज १८९० ते १९१० मधला. माईंनी तो कॅम्पातल्या एखाद्या दुकानातून घेतला, का कुणा मडमेने दिला, का पहिल्या पगारातून आणला, ते आता सांगणारं कुणी नाही.

हे सगळं वाचताना एक गोष्ट परत परत समोर येत राहिली. युरोपच्या दागिन्यांचा इतिहास म्हणून जे म्युझियममध्ये काचेमागे दिसतं ते तिथे घडलेल्या दागिन्यांपैकी फार थोडं आहे, कारण तिकडेही पिढी बदलली की जुनं मोडायचं आणि नवीन घडवायचं हेच चालायचं. फॅशन बदलली, लढाई आली, मुलीचं लग्न आलं, सगळ्याला उत्तर एकच, मूस. १६४९ मध्ये राजाचं डोकं उडवल्यावर त्याच्याविरुद्ध लढलेल्या क्रॉमवेलच्या लोकांनी इंग्लंडचे राजमुकुट वितळवून नाणी पाडली आणि खडे विकून टाकले. म्हणून आज लंडनच्या टॉवरमध्ये लोक रांगा लावून जे मुकुट पाहतात ते १६६१ आणि त्यानंतरचे. जुन्यातला एक चांदीचा चमचा मात्र राहिला, राज्याभिषेकाचं तेल ओतायचा, बाराव्या शतकातला. फ्रान्सने तर १८८७ च्या मे महिन्यात राजघराण्याचे दागिने जाहीर लिलावात काढले आणि त्यातले कितीतरी विकत घेणाऱ्यांनी लगेच खडे काढून मोडून टाकले.

मग टिकलं काय? एक तर जे जमिनीत गाडलं गेलं ते. १९१२ मध्ये लंडनच्या चीपसाइड भागात जुनी इमारत पाडताना मजुरांना तळघराच्या जमिनीखाली पुरलेला ऐवज मिळाला, सुमारे पाचशे वस्तू, सोळाव्या-सतराव्या शतकातल्या. कुण्या सोनाराचा माल असणार, पुरून ठेवला आणि परत न्यायला कुणी आलं नाही. त्यात कोलंबियाच्या एका अख्ख्या पाचूत बसवलेलं घड्याळ आहे. सामान्य व्यापाऱ्यांच्या घरातल्या बायका त्या काळात काय घालत होत्या, लांब लांब बारीक साखळ्या, मीनाकारीची फुलं, द्राक्षाच्या घोसासारखी कोरलेली खड्यांची लोलकं, हे जगाला त्या खड्ड्यामुळे कळलं. राजाराण्यांचं चित्रांत दिसतंच, पण दुकानदाराच्या बायकोचं चित्र कोण काढणार.

आणि दुसरं टिकलं ते हलकं, स्वस्त, आटवून काही न मिळणारं. इथे मला खरी गंमत वाटायला लागली.

अठराव्या शतकातलं घ्या, ज्याला जॉर्जियन म्हणतात. संध्याकाळी मेणबत्त्यांच्या उजेडात पार्ट्या, त्यामुळे खडे त्या उजेडात उठून दिसायला हवेत. म्हणून खड्याच्या मागची बाजू पूर्ण बंद करायची आणि आत पातळ चमकदार पत्रा घालायचा, रंगीतसुद्धा. हे वाचून मी लगेच सराफकाकांना फोन केला, कारण आपल्या कुंदनात हेच असतं, खड्याखाली डाक घालतात आणि कोंदण बंद. ते म्हणाले, म्हणून तर कुंदनाला पाणी लागू द्यायचं नाही, डाक काळी पडते. अगदी हेच इंग्लंडमधले लोक त्यांच्या जॉर्जियन दागिन्यांबद्दल सांगतात. दोन टोकांना दोन कारागीर, एकमेकांचं नावही माहिती नसलेले, आणि दोघांच्या हाताला सुचलेलं एकच.

त्याच काळात पॅरिसमध्ये जॉर्ज फ्रेडरिक स्ट्रास नावाच्या माणसाने शिशाच्या काचेचे असे खडे पाडले की राजदरबारातल्या बायका ते उघडपणे घालायला लागल्या. १७३४ मध्ये तो राजाचा जवाहिऱ्या झाला. काचेचे खडे करणारा माणूस राजाचा जवाहिऱ्या! लंडनमध्ये पिंचबेक नावाच्या घड्याळजीने तांबं आणि जस्त मिसळून सोन्यासारखा दिसणारा धातू काढला, प्रवासात चोरांची भीती म्हणून लोक तो घालायचे. आपली एक ग्रॅमची फॅशन ती हीच, लोकलने जाताना खरं कशाला घाला म्हणून. आणि आज जॉर्जियन खऱ्या हिऱ्यांचे दागिने दुर्मिळ, कारण हिरे काढून पुढच्या पिढीने नवीन पद्धतीने पैलू पाडून घेतले, पण स्ट्रासच्या काचा जशाच्या तशा आहेत. काचेला परत कोण कापणार?

सगळ्यात हलून गेले ते बर्लिनच्या लोखंडी दागिन्यांनी. १८१३ मध्ये नेपोलियनशी लढायला प्रशियाकडे, म्हणजे बर्लिनच्या राज्याकडे, पैसा नव्हता, तेव्हा राजघराण्यातल्या बायकांनी आवाहन केलं की सोनं द्या. बायकांनी अंगावरचं दिलं आणि बदल्यात त्यांना लोखंडाच्या अंगठ्या मिळाल्या, त्यावर लिहिलेलं, सोनं दिलं लोखंडासाठी. मग ते लोखंडच मानाचं झालं. काळं, लेससारखं नाजूक ओतकाम, नुसते फोटो पाहून विश्वास बसत नाही की हे बिडाचं आहे. अंगावर सोनं दिसणं म्हणजे तुम्ही दिलं नाहीत, असा अर्थ व्हायला लागला. त्या सोन्याच्या तोफा झाल्या, पगार झाले, संपलं. लोखंड अजून आहे.

आता माईंच्या काळाकडे येते, व्हिक्टोरियाच्या. इथे मी जास्त रेंगाळणार आहे.

१८४० च्या आसपास बर्मिंगहॅममध्ये विजेने मुलामा चढवायची युक्ती आली, साच्याने ठोकून पत्र्याला आकार द्यायची यंत्रं आली, पुढच्या दहा-बारा वर्षांत कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियात सोनं सापडलं, आणि १८५४ च्या कायद्याने ९, १२, १५ कॅरेट चालेल असं ठरलं. ह्या सगळ्याचा परिणाम असा की क्लार्कच्या बायकोला, शिक्षिकेला, दुकानातल्या मुलीला पहिल्यांदा स्वतःचा सोन्याचा दागिना परवडला. आपण १५ कॅरेट म्हटलं की नाक मुरडतो, कारण आपल्यासाठी दागिना म्हणजे बँक. तिकडे तो तेव्हा बँक राहिला नाही. तो निरोप झाला. अंगठीत माणिक, पाचू, गार्नेट, ॲमेथिस्ट, परत माणिक आणि हिरा असे ओळीने बसवायचे आणि त्या खड्यांच्या इंग्रजी नावांची पहिली अक्षरं जुळवली की रिगार्ड हा शब्द व्हायचा. देणाऱ्याला कळायचं आणि घेणारीला.

आणि १८६१ च्या डिसेंबरमध्ये राणीचा नवरा अल्बर्ट गेला. ती पुढे चाळीस वर्षं, स्वतः जाईपर्यंत, काळ्या कपड्यांत राहिली. दरबारात काळे दागिने, मग गावात काळे दागिने. यॉर्कशायरच्या व्हिटबी गावात जेट मिळायचं, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचं दगड झालेलं लाकूड, घासलं की आरशासारखं काळं चमकतं, वजनाला एकदम हलकं आणि हाताला गार लागत नाही. आख्खं गाव त्या धंद्यावर जगलं. ज्यांना जेट परवडत नव्हतं त्यांच्यासाठी काळी काच. आणि ह्या सगळ्याहून जवळचं म्हणजे केस. गेलेल्या माणसाचे केस विणून त्याची साखळी, कानातलं, किंवा ब्रोचच्या मागे काचेखाली एक बट. घरी बसून बायका स्वतः विणायच्या, कारण सोनाराकडे दिले तर तो दुसऱ्याच कुणाचे केस लावेल ही धास्ती. स्वीडनमधल्या व्होमहूस गावच्या बायका तर हेच काम करत देशोदेशी हिंडायच्या.

पहिल्यांदा मला हे वाचताना अंगावर काटा आला, मग हळूहळू वेगळंच काहीतरी वाटायला लागलं. आपल्याकडे नवरा गेला की बाईच्या अंगावरचं उतरवायचं. बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र तोडायचं, कुंकू पुसायचं, आणि माईंच्या आधीच्या पिढीत तर तिचे केसच काढायचे. आणि त्याच वर्षांत, त्याच साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला, विधवेसाठी मुद्दाम दागिने घडत होते आणि त्यात केस जपून ठेवले जात होते. तिकडची विधवा फार सुखात होती असं मी म्हणत नाही, तिच्यावरही नियम होतेच, किती महिने काळं, कधीपासून जांभळं चालेल, वगैरे. पण तिच्या दुःखाला दागिना होता.

माईंनी कधीतरी हे सगळं मनात उलटसुलट केलं असेल का? आपल्या दागिन्यांतला एकेक डाग कशाची तरी खूण आहे, नथ, मंगळसूत्र, जोडवी, हिरवा चुडा, सगळं सौभाग्याचं, आणि त्यामुळे सगळंच तिला बंद. पण ब्रोचला आपल्या शास्त्रात जागाच नव्हती. तो विलायती, पदर सरकू नये म्हणून लावायची टाचणी. कुणी काय म्हणणार? आणि दुकानात फुलं असतील, बाण असतील, पक्षी असतील, त्यातून माईंनी घेतली चंद्रकोर. कपाळावर लावायची नाही ती खांद्यावर लावली. हा माझा तर्क आहे, पण मला तो सोडवत नाही.

पुढचं भराभर सांगते. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात रने लालिक नावाच्या फ्रेंच कारागिराने शिंगाचे, काचेचे, मीनाकारीचे दागिने मांडले, चतुर, मोर, सुकत चाललेली पानं, आणि तिथे खड्याच्या किमतीपेक्षा हाताला भाव आला. मला सगळ्यात जवळचा वाटतो तो हाच काळ, फक्त तो फार थोडा टिकला. त्याच सुमाराला प्लॅटिनम आलं. ते वितळायलाच १७६८ अंश सेल्सिअस लागतात, तशी आच देणारी भट्टी-नळी आली तेव्हाच ते सोनारांच्या हातात नीट बसलं. चिवट इतकं की केसासारख्या तारेवरही हिरा धरून ठेवतं, म्हणून ते लेससारखे पांढरे हार. मग पहिलं महायुद्ध, बायकांनी केस कापले, कान आणि मान मोकळी झाली तसे लांब लोंबते कानातले आले, १९२२ मध्ये तुतनखामेनची कबर सापडली तशी इजिप्तची नक्षी आली, आणि १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनापर्यंत सगळं चौकोनी, त्रिकोणी, काळं-पांढरं झालं.

आणि ह्या चौकोनी काळात आपलं किती काय आटलं! १९११ च्या दिल्ली दरबारासाठी पॅरिसच्या कार्टियर ह्या जवाहिऱ्यांच्या घराण्यातला धाकटा भाऊ जाक भारतात आला आणि मग संस्थानिकांनी पेट्याच्या पेट्या पॅरिसला पाठवल्या, जुने सोन्यातले खडे काढून प्लॅटिनममध्ये बसवायला. पतियाळाच्या महाराजांचा १९२८ चा हार तर सगळ्यांना माहिती आहे, २९३० हिऱ्यांचा. आपले इंदूरचे होळकरही त्यात होते, तुकोजीराव होळकरांनी १९१३ मध्ये पॅरिसला शोमे नावाच्या जवाहिऱ्याकडून सुमारे ४७ कॅरेटचा (हिऱ्यात कॅरेट म्हणजे वजन) एक असे पेअर म्हणजे नाशपतीच्या आकाराचे दोन हिरे घेतले, इंदूर पेअर्स म्हणून ते आजही ओळखले जातात. त्या पॅरिसच्या दागिन्यांत पानाफुलांसारखे कोरलेले माणिक, पाचू, नीलम दिसतात ते आपल्याकडचे. म्हणजे खडे इथले, कोरणारे हातही इथलेच, आणि स्टाइलचं नाव तिकडचं. मला ते दागिने मनापासून आवडतात आणि तरी ज्या जुन्या हारांतून ते खडे निघाले ते हार कसे दिसत असतील हा विचार सोडत नाही.

पेशव्यांच्या हिऱ्याचं तर पुण्यात राहून माहिती नसावं ह्याचं मला वाईट वाटलं. त्र्यंबकेश्वरच्या देवाचा हिरा, नव्वदच्या आसपास कॅरेटचा, १८१८ मध्ये बाजीरावांकडून इंग्रजांच्या हाती गेला आणि लंडनला विकला. नासाक डायमंड म्हणतात त्याला, नाशिकचा. लंडनच्या जवाहिऱ्यांना त्याचे पैलू बेढब वाटले, त्यांनी तो परत कापला, ऐंशीच्या खाली आला. पुढे एका सरदाराने तो तलवारीच्या मुठीत बसवला. १९४० मध्ये हॅरी विन्स्टन नावाच्या अमेरिकन जवाहिऱ्याने पॅरिसला तो घेतला आणि परत कापला, आता ४३.३८ कॅरेट. कोहिनूरचंही तेच, १८५१ च्या प्रदर्शनात लंडनच्या लोकांना तो चमकदार वाटला नाही म्हणून पुढच्या वर्षी १८६ चा १०५.६ केला. आपल्याकडे हिऱ्याचं वजन राखायचं असा कटाक्ष, त्यांना आतून आग दिसायला हवी होती. ज्याच्या त्याच्या नजरेचा प्रश्न आहे, मान्य, पण एकदा कापलं की जुन्याची नजर काय पाहत होती ते कळायचा मार्गच बंद होतो.

उलट्या दिशेनेही आलंय बरं का आपल्याकडे. माईंची ती पुतळ्यांची माळ, तिचं मूळ व्हेनिसमध्ये आहे. व्हेनिसचं सोन्याचं डुकाट १२८४ पासून निघायचं, साडेतीन ग्रॅमचं, एका बाजूला संतापुढे गुडघे टेकलेला राजप्रमुख. व्यापारात ती नाणी ढिगाने इथे आली, बायकांनी गळ्यात घातली, मग आपल्या सोनारांनी तशाच चकत्या पाडल्या आणि त्यावरच्या आकृती आपल्या केल्या. ज्याला आपण अस्सल मराठमोळा दागिना म्हणतो तो असा समुद्रावरून आला. आणि आपल्याकडे कमरेला किल्ल्यांचा छल्ला असतो ना, तशीच इंग्लंडमधल्या घरमालकिणी कमरेला शॅटलेन लावायच्या, किल्ल्या, कात्री, सुयांची डबी सगळं लोंबतं.

मोत्यांचं सांगायलाच हवं, कारण पुण्याच्या बायकांना मोती म्हणजे जीव की प्राण, नथ, तन्मणी, कुडी, चिंचपेटी. आपण ज्यांना बसरा म्हणतो ते आखाती मोती मुंबईच्या बाजारातून जगभर जायचे. १९१७ मध्ये न्यूयॉर्कला कार्टियरने नैसर्गिक मोत्यांचा दोन पदरी हार आणि वर शंभर डॉलर देऊन फिफ्थ ॲव्हेन्यूवरचा आख्खा बंगला घेतला, हाराची किंमत तेव्हा दहा लाख डॉलर. बंगल्यात आजही त्यांचं दुकान आहे. हार १९५७ मध्ये विकला गेला तो दीड लाखाच्या आसपास. मधल्या काळात जपानमध्ये मिकिमोटोचे कल्चर, म्हणजे शिंपल्यात मुद्दाम वाढवलेले, मोती बाजारात आले होते, आणि १९२९ नंतरच्या मंदीने उरलंसुरलं संपवलं. आखातातले पाणबुडे बेकार झाले, मुंबईतले व्यापारी बुडाले. पण माझ्या मैत्रिणीला, मला, तुळशीबागेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकीला मोत्यांची माळ परवडते ती त्यामुळेच. मग पॅरिसच्या फॅशनवाल्या कोको शनेलने खोटे मोती खऱ्यांच्या बरोबरीने घालून दाखवले आणि त्याला कुणी खोटं म्हणेनासं झालं, बेकलाइट नावाच्या प्लॅस्टिकच्या बांगड्या आल्या, दुसऱ्या महायुद्धात प्लॅटिनम शस्त्रांसाठी गेलं तसं पिवळं सोनं परत आलं, आणि १९४७ मध्ये डी बिअर्स ह्या हिऱ्यांच्या कंपनीच्या जाहिरातीसाठी फ्रान्सिस गेरेटी नावाच्या बाईने हिरा कायमचा असतो अशा अर्थाचं ते चार शब्दांचं वाक्य लिहिलं. आज आपल्याकडे साखरपुड्याला सॉलिटेअर लागतो त्यामागे ते वाक्य आहे. मला ही पद्धत पटत नाही हे सांगून टाकते. हिरा कायमचा असेलही, पण तो परत कापतात हे मी वर लिहिलंच आहे.

वाडा आता पडलाय. गेल्या आठवड्यात आत्याकडे गेले होते, कोथरूडला, ब्रोच बरोबर नेला होता, तिला सगळं वाचून दाखवलं. बर्मिंगहॅमचं ऐकून तिला फार मजा वाटली. मग ती उठून आत गेली आणि कपाटातून एक जुनं पांढरं पोलकं घेऊन आली, माईंचं, तिने ट्रंकेतून काढून ठेवलं होतं. पिवळं पडलंय, काखेत विरलंय. डाव्या खांद्यावर आठ आण्याच्या नाण्याएवढी जागा पांढऱ्या दोऱ्याने रफू केलेली होती, इतकी बारीक की बोट फिरवल्यावर कळली. तिथल्या कापडाला टाचणीची भोकं पडून पडून ते फाटलं असणार. आणि रफूच्या आतही, त्या दोऱ्यांतून, परत नवीन भोकं होती, दोन दोन, शेजारी शेजारी. मी ब्रोचची टाचणी त्यातल्या एका जोडीतून घातली. अंतर बरोबर जुळलं.